माझ्या पायाचा गुण

आक्का, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. आणि काल सकाळी, घरात सुतक असताना, खालच्या आळीची हौसा दारात आली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं चौकट धरलेली, अंग विळ्यासारखं वाकलेलं. मला वाटलं रडायला आली. मीही पदर डोळ्याला लावला. तर बाई म्हणते कशी, "मंगल, सुतकात पाय लावला तर चालतंय का गं? वैरणीचा भारा उचलाया गेले आन् उसण भरली बघ."

मी जे बोलले ते तुम्ही ऐकलं असतं तर माझ्या मुस्काटात दिली असती. म्हटलं, "हौसा, ह्याच पायानं थोरल्या जावंला घालवली मी. तुला पण जायाचंय काय?" ती बिचारी पांढरीफटक पडली आणि तशीच वाकडीतिकडी पायऱ्या उतरून गेली. पडवीत दादा, तुमचे मालक, बसले होते. पलटणीत हयात काढलेला माणूस, पण तुम्ही गेल्यापासून तिथून हललेले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तिच्यावर कशाला वरडलीस पोरी? तिला काय ठावं?" मी आत जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली.

तुम्हाला नव्यानं काय सांगायचं, पण लिहायला बसलेय तर सगळंच लिहिते. मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याच्या ऐवजी माझे पाय आधी बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. आपल्याकडं तेवढं पुरतं. वाकताना, उचलताना पाठीत नाहीतर कमरेत एकदम चमक धरली की उसण भरली म्हणायचं, आणि पायाळूचा पाय तिथं तीनदा लावला की ती उतरली म्हणायचं. माहेरी, पाटणच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथं मी चार वर्षांची होते तेव्हापासून बाप्ये नि बाया माझ्यापुढं पालथी पडायची. विजा चमकायला लागल्या की मात्र आई मला घरात कोंडायची. वीज म्हणे पायाळूवरच पडते. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं उतरवायला मी, आणि वीज अंगावर घ्यायलाही मीच.

आपली सोयरीक लाथेवर जमली, हे तुम्ही प्रत्येक लग्नात सांगायचात आणि मी दरवेळी तोंड लपवायचे. मला बघायला तुम्ही सगळे एसटीनं आला होतात. उतरतानाच तुमच्या कमरेत धरलं. बैठकीत सगळे ऐटीत बसलेले, आणि तुम्ही एकट्या भिंतीला टेकून, तोंड कसनुसं करून. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले. कुणीतरी शिक्षण विचारलं, मी दहावी पास म्हटलं. तेवढ्यात तुम्ही "आई गं!" म्हणून कण्हलात आणि माझ्या आईच्या तोंडून निघून गेलं, "आवं, आमची मंगल पायाळू हाय की!"

झालं. पोहे राहिले बाजूला. तुम्ही तिथंच घोंगड्यावर पालथ्या झालात. मी रडकुंडीला आले. समोर नवरा मुलगा, समोर पाव्हणे, आणि मी होणाऱ्या थोरल्या जावेच्या पाठीत पाय घालू? तर तुम्ही खालूनच म्हणालात, "लाव गं, लाजतीस काय? उद्या घरात आल्यावर भांडणात लावशील, त्यापरीस आज औषधाला लाव." सगळी बैठक हसली. मी तीनदा पाय लावला आणि लगेच वाकून तुमच्या पाया पडले. तुम्ही उठलात, कंबर इकडंतिकडं वळवून बघितलीत आणि जाहीर केलंत, "उतरली! हीच करायची." नवऱ्या मुलाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

किती वर्षं झाली त्याला. मला अंगणवाडीची नोकरी लागली तीही तुमच्यामुळं. घरची बाई पोरं सांभाळायला गावात जाणार, हे दादांना पटत नव्हतं. तुम्ही दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत, तिसऱ्या दिवशी फौजेनं शरणागती पत्करली. माझी दोन्ही पोरं तुम्ही काखेला मारून उसात भांगलायला जायचात, आणि मी सांगलीला ट्रेनिंगला. आक्का, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, घरातल्या माणसाचे आभार काय मानायचे. आता मानते, तर कुणापुढं मानू?

त्या ट्रेनिंगला एकदा एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, उसण म्हणजे स्नायू आखडतो. बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपसूक सुटतो. मग कुणी पाय लावा, कुणी लाटणं फिरवा, नाहीतर काहीच करू नका. मी एवढीशी झाले. म्हणजे इतकी वर्षं माझ्या पायाचा जो गुण गाव गात होतं, तो सगळा कावळा बसायला आणि फांदी मोडायला! घरी आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही भाकरी थापत होतात.

"म्हंजी तुझ्या पायाला गुण न्हाई म्हंतीस?"

"न्हाई आक्का."

"कोण म्हंतंय?"

"डॉक्टरीणबाई."

"ती पायाळू हाय का?"

"न्हाई."

"मग तिला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणून तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत. विषय संपला.

आपलं दुसरं भांडण सुईचं. सुनीताच्या वेळी तुमचं पोट फाडावं लागलं, तेव्हा पाठीत भुलीची सुई टोचली होती. तेव्हापासून तुमच्या कमरेला काही झालं की गुन्हेगार ठरलेला. "त्या सुईनं माझी कंबर गेली." मी म्हणायचे, "आवं आक्का, पोरगी लगीन होऊन सांगलीला नांदतीय, दोन लेकरांची आई झाली, तरी ती सुई अजून दुखतीय व्हय? टोचल्या जागी चार दिवस दुखतंय, जन्मभर न्हाई." तुम्ही म्हणायचात, "तुझी दोन्ही बाळंतपणं गुमान झाली, तुला काय ठावं." हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की शेवटी शेवटी मी माझं वाक्य अर्धं म्हणायचे आणि उरलेलं तुम्हीच पुरं करायचात, माझी नक्कल करून.

मला तेव्हा हसू यायचं. आता त्या सुईचा इतका राग येतो, आक्का. सुईनं काही केलं नाही, पण तिनं कारण देऊन ठेवलं. कारण आधीच ठरलेलं असलं की माणूस दुसरं कारण शोधायला जात नाही. आपण कुणीच गेलो नाही.

आणि गंमत बघा, दुसऱ्याच्या हाडाला तुम्ही किती शहाण्या होतात! मी गोठ्यात घसरून पडले, मनगट सुजून वांग्याएवढं झालं. सगळे म्हणाले, पलीकडच्या गावात हाड बसवणारा आहे, बांबूच्या कामट्या बांधतो, तिकडं न्या. दादासुद्धा म्हणाले. तुम्ही कमरेला पदर खोचलात. "त्यो कामट्या बांधणार आन् हिचा हात वाकडा बसणार. मग भाकरी कोण थापणार, त्यो येणाराय व्हय? गाडी काढा." सांगलीला फोटो काढला, प्लास्टर घातलं. सहा आठवडे माझी वेणी तुम्ही घातलीत. हे लिहितेय ते त्याच हातानं. माझ्या हाताला तुम्ही शहाण्या, आणि तुमच्या पाठीला मी अडाणी.

दिवाळीनंतर तुमची कंबर धरली. ऊसतोडीची धांदल, पाव्हण्यारावळ्यांचं जाणंयेणं. तुम्ही म्हणालात, "मंगल, उसण भरलीया, पाय लाव." मी लावला. दोन दिवस बरं वाटलं. परत धरली, परत लावला. संक्रांतीपर्यंत आठवड्याला एकदा, मग दोनदा. अंगणवाडीला निघताना चप्पल काढून तुमच्या पाठीला पाय लावायचा, पाया पडायचं, चप्पल घालायची आणि चालू पडायचं. दोन मिनिटांचं काम. तळव्याला तुमच्या पाठीचं हाड टोचायला लागलं होतं, ते मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी म्हटलं, "आक्का, लय रोडावलाय तुमी." तुम्ही म्हणालात, "काम करून. तुझ्यागत खुर्चीत बसून न्हाई." चोळ्या खांद्यावरून उतरायला लागल्या. जिना दोन दमांत चढायचात. दुपारी पडलात की उठून बसायचात, पडल्यावर जास्त दुखतं म्हणून.

उसण वाकताना धरते, आक्का. पडल्यावर ती सैल होते. इतक्या वर्षांत इतक्या पाठींना पाय लावला, आणि एवढं माझ्या ध्यानात येऊ नये? एकदा म्हटलंही मी, "पडल्यावर बी दुखतंय, ही कसली उसण? सांगलीला जाऊन येऊ." तुम्ही म्हणालात, "जुनी उसण अशीच चिवट असती. आन् डाक्टर काय, मणक्याचं आपरेशन करा म्हणणार. मणक्याला हात लावला की माणूस कायमचा अंथरुणाला. मला न्हाई खिळायचं. लाव तू पाय." आणि मी लावला.

कारण सांगू? तुमच्या भीतीपुढं मी हात टेकले, हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं सांगायला लाज वाटते. तुम्ही "बरं वाटलं गं" म्हणालात की मला बरं वाटायचं. ट्रेनिंग, डॉक्टरीणबाई, सगळं मला तोंडपाठ होतं. गावातल्या गरोदर बायांना मीच सांगत होते, दुखणं अंगावर काढू नका. पण तुमच्यासारखी माझी थोरली जाऊ, जिच्या शब्दावर घर चालतं, ती माझ्या पायाखाली पालथी पडते आणि उठून हसते, हे मला आवडत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

बाकीच्यांनी पण आपापलं शहाणपण तुमच्या कमरेवर आणून ठेवलं. दादांनी गादी काढून फळी टाकली, पलटणीत फळीवर झोपून कुणाची कंबर दुखत नव्हती म्हणून. सुनीतानं पट्टा आणला, तो तुम्ही दिवसभर आवळून बांधायचात. दुकानातून दुखायच्या गोळ्या यायच्या, जेवणाआधी एक, जेवणानंतर एक, शेंगदाण्यासारख्या. मी कॅल्शियमची बाटली आणली. हाड दुखतं म्हणजे चुना कमी पडला, एवढं आपल्याला माहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मग त्या दिवशी सकाळी तुम्ही खाली पडलेला आमटीचा डाव उचलायला वाकलात आणि वर उठलाच नाहीत. चुलीजवळ, गुडघ्यावर. मी धावत आले तर तुमच्या कपाळावर घामाचे थेंब, आणि तुम्ही म्हणालात, "मंगल, आतनं कायतरी मोडलं गं."

सांगलीच्या दवाखान्यातली ती मुलगी सुनीतापेक्षा लहान असेल, पण डॉक्टर म्हणून पक्की. रक्ताच्या नि हाडाच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर तिनं फोटो उजेडाला धरून दाखवला. मणका दबून चपटा झालेला. ती म्हणाली, हे उसणीचं नाही, झिजेचं नाही, सुईचंही नाही. हाडाच्या आतला जो मगज असतो, त्याचा कॅन्सर आहे. तो हाड आतून पोखरतो. हाड विरघळून त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतंय, ते आधीच जास्त झालंय, बाटली आजपासून बंद. मूत्रपिंडं थकलीत, काही या आजारानं, काही दुकानातल्या गोळ्यांनी. आणि म्हणाली, पडल्यावरसुद्धा न थांबणारी पाठदुखी, वजन उतरणं, सतत थकवा, यातलं काहीही दिसलं की उसण म्हणून घरी बसायचं नसतं. मी मान डोलावली. हे वाक्य मी स्वतः लोकांना सांगू शकले असते.

मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. पायाळू असल्यापासूनचं. ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, तुमच्या पायानं त्यांना काही झालेलं नाही. उशीर झाला, एवढंच. दिवाळीनंतर लगेच आल्या असत्या तर इलाजाला वेळ मिळाला असता." तिनं माझं ओझं हलकं करायला सांगितलं असेल. पण तो उशीर कशानं झाला, आक्का? दर वेळी दोन दिवस बरं वाटत होतं, ते कशानं?

काल संध्याकाळी मी हौसाकडं गेले. सुतकातलं माणूस म्हणून तिच्या कुंपणाबाहेरच उभी राहिले. म्हटलं, "चुकलं माझं. ही उसण आठ दिवसांत जाईल. लय दुखलं तर गरम पाण्यानं शेक, हळूहळू हिंडत-फिरत ऱ्हा, पडून ऱ्हाऊ नको. आठ दिवसांत न्हाई गेली, न्हाईतर पायाला मुंग्या आल्या, ताप आला, तर मी स्वतः तुला दवाखान्यात नेते. पण पाय लावणार न्हाई. कुणालाच न्हाई." ती म्हणाली, "आता गावानं काय करायचं गं मग?" मला तिचा राग आला नाही. मीही मनात तेच विचारत होते, तुमच्यावाचून काय करायचं म्हणून.

आता ते सांगते, जे मी दादांनाही सांगितलेलं नाही.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीची दुपार. सुनीता खाली औषधं आणायला गेली होती. दवाखान्यात इलाज सुरू झाला होता, पण त्यातच छातीत संसर्ग झाला होता, श्वास लागत होता. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत. हातानं जवळ बोलावलंत. आणि म्हणालात, "मंगल, एकदा पाय लाव गं."

मी वसकन अंगावर आले तुमच्या. "पुरं झालं आता ते खूळ, आक्का! त्या खुळापायीच इथं आलो आपण. डाक्टरांनी पाठीला हात लावायचा न्हाई सांगितलंय, तरी तुमचं चालूच!" शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा दचकून बघायला लागली. मी तुमच्यावर ओरडत नव्हते, आक्का. देवाशप्पथ सांगते, मी माझ्यावर ओरडत होते. पण समोर तुम्ही होतात.

तुम्ही पुढं केलेला हात मागं घेतलात. मग म्हणालात, "बरं. ऱ्हाऊ दे मग." आणि तोंड भिंतीकडं केलंत. संध्याकाळी तुम्हाला आत, काचेच्या खोलीत हलवलं. तोंडावर मुखवटा बसवला. तुम्ही परत बोलला नाहीत, ना माझ्याशी, ना दुसऱ्या कुणाशी.

पाठीला लावायचा नव्हता हे खरं. मी चूक बोलले नाही, नुसती वाईट बोलले. पण तुमच्या तळव्याला माझा तळवा तरी टेकवता आला असता. त्यानं काय मोडणार होतं? हे मला घरी आल्यावर सुचलं, तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना. बायका पाणी ओतत होत्या आणि मी तुमचा पाय हातात धरून बसले होते. सोड म्हणाल्या, तरी सोडवेना.

दिवाळीनंतर नाही म्हणायला पाहिजे होतं, तेव्हा हो म्हटलं. आणि हो म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं, तेव्हा नाही म्हटलं. आयुष्यात तुमचा शब्द मी एकदाच मोडला, आणि तो त्या दिवशी.

"ऱ्हाऊ दे मग." रोज कामं करता करता मी ते तुमच्या आवाजात म्हणून बघते. एकदा म्हटलं की वाटतं, समजून म्हणालात, मंगलला उगाच त्रास नको म्हणून. परत म्हटलं की वाटतं, रुसलात. सुनीताला विचारायचं म्हटलं तर ती तिथं नव्हती. दादांना विचारलं तर ते नक्की म्हणणार, ती तुझ्यावर कधी रुसायची नाही. पण तसं ते कुणाबद्दलही म्हणतील, माझे डोळे बघून. हे तुम्हीच सांगू शकता. नऊ दिवस मी वाट बघतेय, आक्का. समजून म्हणालात की रुसून?